सीएनजी गाडीत फायर एक्स्टिंग्विशर ठेवायचाय, इंदूरच्या उन्हात चालेल का आणि नक्की बसवायचा कुठे?

राजेंद्रनगरवाला

नमस्कार मंडळी. इंदूरात राहतो, घरी कंपनी फिटेड सीएनजी हॅचबॅक आहे आणि पुण्याला बहिणीकडे जाणं-येणं सारखं चालू असतं. बरोबर आई-बाबा, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. मानपूर सोडलं की घाट, पुढे सेंधव्यानंतर बिजासन, आणि या रस्त्याने जाणाऱ्यांना माहीतच आहे की कडेला कधीतरी जळून नुसता सांगाडा उरलेली गाडी दिसते. आईने विचारलं की आपल्या गाडीत असं काही झालं तर काय आहे आपल्याकडे, आणि खरंच काहीच नाहीये. म्हणून आता घ्यायचं ठरवलंय.

पण चौकशी करायला निघालो तर जितकी दुकानं तितकी मतं. सियागंजात एकजण म्हणाला ५०० ग्रॅमचा पुरे, शेजारचा म्हणाला घ्यायचा तर १ किलोच घ्या, तिसऱ्याने सीओटूचा काढून दाखवला की यात पावडर नाही, गाडीची सीट खराब होत नाही, हाच घ्या. ऑनलाइन बघितलं तर डिओच्या डब्यासारखे छोटे स्प्रेसुद्धा दिसतात.

मुख्य काळजी उन्हाची आहे. ऑफिसला शेड नाही, मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत गाडी दिवसभर उघड्यावर तापते, त्यात प्रेशरचा सिलेंडर आत ठेवायचा म्हणजे तोच फुटला तर? बायकोचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे आणि मला तिला नीट उत्तर देता येत नाहीये. दुसरं म्हणजे बसवायचा कुठे, डिकीत तर सीएनजीची टाकी आहे आणि उरलेल्या जागेत बॅगा. आणि खासगी गाडीला कायद्याने लागतो का, चेकिंगला विचारतात का, हेही कोणाला माहीत असेल तर सांगा. ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी प्लीज डिटेलमध्ये लिहा, घाई नाहीये पण उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी बसवून टाकायचाय.

खंडवा_रोड

मी दोन्ही गाड्यांत १ किलोचा एबीसी पावडरचा ठेवलाय, डिकीत स्टेपनीच्या बाजूला. अजून गरज पडली नाही. कायद्याने खासगी कारला सक्ती नाही, कोणी विचारत नाही.

पिथमपूरकर

दादा, पिथमपूरला एका प्लांटमध्ये फायर अँड सेफ्टी बघतो, रोजचं काम हेच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी वहिनींच्या शंकेचं. पावडरचा जो स्टोअर्ड प्रेशर एक्स्टिंग्विशर असतो त्यात नायट्रोजन भरलेला असतो, साधारण १५ बार प्रेशरला. लेबल वाचा, वर्किंग प्रेशर १५ आणि टेस्ट प्रेशर ३५ असं बहुतेकांवर छापलेलं असतं, म्हणजे बॉडी दुपटीपेक्षा जास्त प्रेशरला तपासलेली असते. आता गॅस तापला की प्रेशर वाढतं हे खरं, पण किती? २७ डिग्रीवरून ६० डिग्रीवर गेला तर १५ चं साधारण १७ होतं, त्याच्या वर नाही. त्याने चांगला सिलेंडर फुटत नाही. फक्त तुम्ही घ्याल त्याच्या लेबलवर टेंपरेचर रेंज बघा, वरची मर्यादा ५५ किंवा ६० लिहिलेली असते, ६० वाला मिळाला तर तोच घ्या. बंद गाडीत उन्हात हवा ६० च्या पुढे जाऊ शकते आणि डॅशबोर्ड तर त्याहून बराच जास्त तापतो, पण सीटखाली, जमिनीलगत, जिथे थेट ऊन येत नाही तिथे इतकं तापत नाही. म्हणून डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखालच्या पार्सल ट्रेवर कधीही ठेवू नका.

सीओटूचा मात्र अजिबात नको, दुकानदार काहीही म्हणो. तो साध्या टेंपरेचरलाच ५५-६० बारवर असतो आणि ३१ डिग्रीच्या वर सीओटू द्रवरूपात राहतच नाही, त्याचं प्रेशर झपाट्याने चढतं. सेफ्टी डिस्क असते पण ती उन्हात उडाली तर सगळा गॅस बंद गाडीत. बॉडी जड, शिवाय मोकळ्या हवेत वाऱ्याने गॅस उडून जातो, बॉनेटखालच्या आगीवर टिकत नाही. तो ऑफिसच्या सर्व्हर रूमला आणि इलेक्ट्रिक पॅनलला ठीक.

तर घ्यायचा एबीसी पावडर, मोनो अमोनियम फॉस्फेटवाला, बॉडीवर आयएसआय मार्क आणि आयएस १५६८३ लिहिलेलं बघूनच. ए म्हणजे सीटचा फोम, कापड, प्लास्टिक, बी म्हणजे पेट्रोल-ऑइल, सी म्हणजे गॅस, गाडीत हे तिन्ही आहे. नुसता बीसी पावडरचाही मिळतो, स्वस्त असतो, पण त्याने सीटचा फोम नीट विझत नाही, वरची ज्वाला जाते आणि आत धुमसत राहतं. एबीसीची पावडर गरम पृष्ठभागावर वितळून थर धरते म्हणून फोमवर काम करते.

साइज १ किलोच. १ किलोचा जेमतेम ८-१० सेकंद चालतो, ५०० ग्रॅमचा त्याहून कमी, आणि घाबरलेल्या माणसाचे पहिले दोन सेकंद हवेतच जातात. जागा असेल तर २ किलोचा आणखी चांगला, पण हॅचबॅकमध्ये सीटखाली बसत नाही. ते डिओसारखे स्प्रेचे डबे मेणबत्ती, कागदाची टोपली एवढ्यापुरते आहेत, इंजिनच्या आगीसाठी त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता जागा. खंडवा रोडवाले दादा, डिकीतला कृपया पुढे आणा. मागून धडक बसली की डिकी उघडत नाही, आणि सीएनजी गाडीत तर आग नेमकी त्याच बाजूला असू शकते. शिवाय सुट्टीत त्याच्यावर चार बॅगा असतात. सगळ्यात चांगली जागा म्हणजे पुढच्या डाव्या सीटच्या खाली, समोरच्या बाजूला, आडवा, म्हणजे ड्रायव्हर बसल्या जागी वाकून काढू शकतो आणि डाव्या दारातून बाहेरचा माणूसही काढू शकतो. लोखंडी ब्रॅकेट आणि क्लिपवाला पट्टा हवा. वेल्क्रो, रबर बँड यावर नको. सुटा तर मुळीच ठेवू नका, ब्रेक मारला की घरंगळत पेडलखाली येतो, आणि अपघातात दोन किलोचा लोखंडी गोळा गाडीत उडतो त्याने काय होईल विचार करा. ड्रायव्हरच्या पायाजवळ तर नकोच.

ब्रॅकेट लावायला गाडीच्या फ्लोअरला ड्रिल मारू देऊ नका. खालून पेट्रोलची लाइन, ब्रेकची लाइन, वायरिंग जातं. सीटचे जे मूळ बोल्ट आहेत त्यांच्यात पट्टी अडकवून ब्रॅकेट बसतो, बऱ्याच मॉडेलसाठी तसा तयार मिळतो. आणि सीटखाली हात घातल्यावर पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर त्याला हातही लावू नका, तो एअरबॅग आणि सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचा (धडकेत पट्टा आवळणाऱ्या भागाचा) असतो. काही कंपनी फिटेड सीएनजी मॉडेलमध्ये एक्स्टिंग्विशर सीटखाली कंपनीकडूनच येतो, तुमच्यात आहे का ते एकदा वाकून बघा, बऱ्याच जणांना आपल्या गाडीत आहे हेच माहीत नसतं.

वापरायचं कसं ते पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, शिफ्टला निघतोय.

महूवाला

सर, तुमच्या माहितीबद्दल आदर आहे पण माझं मत वेगळं आहे आणि ते लिहिणं मला गरजेचं वाटतं. एक्स्टिंग्विशर असला की माणूस गाडी सोडून जात नाही. लोनवर घेतलेली नवी गाडी डोळ्यांसमोर जळते म्हटल्यावर माणूस आगीत हात घालतो, ते माझ्या ओळखीत झालंय, हात भाजले, आणि गाडी तर गेलीच. गाडीचा इन्शुरन्स असतो, माणसाचा हात परत येत नाही. त्यापेक्षा घरच्यांना एकच शिकवा की धूर दिसला की थांबा, उतरा, लांब जा. आणि पैसे वायरिंग आणि गॅस किट तपासण्यावर खर्च करा. फक्त इन्शुरन्स कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे ना बघा, नुसत्या थर्ड पार्टीत स्वतःची गाडी जळाल्याचे पैसे मिळत नाहीत, आणि सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर आणि पॉलिसीवर नोंद हवी, नाहीतर क्लेम अडकतो.

वायरिंगवाला_देवासनाका

महूवाले दादांशी अर्धा सहमत. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, गाड्यांचं वायरिंगच करतो म्हणून माझ्या बाजूचं सांगतो.

माझ्याकडे जळकी वायरिंग घेऊन ज्या गाड्या येतात त्यात बहुतेक ठिकाणी कोणीतरी नंतर हात घातलेला असतो. कंपनीचा हेडलाइटचा एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा, लोक १००/९० चा टाकतात. ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर, १०० ला ८ च्या पुढे, आणि वायर तीच बारीक, स्विच तोच. मग प्लास्टिकचं होल्डर पिवळं पडतं, मग तपकिरी, मग एक दिवस धूर. आणि फ्यूज उडतो म्हणून कोणी १५ च्या जागी ३० चा टाकतो, कोणी तर चक्क तांब्याची तार. अरे फ्यूज उडतोय म्हणजे तो वाचवतोय ना तुम्हाला, त्याचं कारण शोधा. परवाच एक गाडी आली, ॲक्सेसरीजच्या दुकानात रिव्हर्स कॅमेरा आणि स्क्रीन लावून घेतलेली, मेन वायर ब्लेडने सोलून त्याला पीळ मारून वरून नुसती काळी टेप. टेपचा चिकटा उन्हात वितळून खाली ओघळला होता आणि उघडी तार बॉडीच्या कडेवर घासत होती. मालकाला फक्त एवढंच कळत होतं की रात्री बॅटरी उतरते.

डॅशकॅम, सबवूफर, एलईडी काहीही लावा पण त्याच्या लाइनला बॅटरीजवळ स्वतःचा फ्यूज पाहिजे, मोठ्या लोडला रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) पाहिजे, आणि वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट पाहिजे. हे तीन विचारा दुकानदाराला, त्याला उत्तर येत नसेल तर दुसरीकडे जा.

पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येऊन बसतात, वायरबरोबर पेट्रोलचा रबरी पाइपसुद्धा कुरतडतात. सकाळी बॉनेट उघडल्यावर शेंगांची टरफलं, कापडाच्या चिंध्या दिसल्या किंवा पेट्रोलचा वास आला तर स्टार्टर मारू नका, आधी पाइप बघून घ्या.

अजून एक आपल्या माळव्यातलं. गहू निघाला की शेतात नरवाई, म्हणजे कापणीनंतरची वाळलेली खुंटं, उभी असते, आणि लोक सावली बघून रस्त्यावरून गाडी खाली उतरवतात. लांबून चालवून आलेल्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा डबा) काहीशे डिग्री तापलेला असतो, डिझेल बीएस६ चा डीपीएफ (काजळी गाळणारा फिल्टर) साठलेली काजळी जाळत असेल तर आणखीच. वाळलेलं गवत त्याला खालून लागलं की पेटतं आणि तुम्ही वर बसून डबा उघडताय. गाडी मोकळ्या मुरमावर किंवा डांबरावरच उभी करा.

पिथमपूरकर

परत आलो. महूवाले काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे, माणूस आधी, गाडी नंतर, यात वादच नाही. पण एक्स्टिंग्विशर फक्त गाडी वाचवायला नसतो. मागच्या सीटवर लहान मूल बेल्टमध्ये अडकलंय, दार वाकलंय, आजींना पटकन उतरता येत नाही, अशा वेळी ते ८-१० सेकंद ज्वाला दाबून धरली तर माणूस बाहेर निघतो. आणि हायवेवर बहुतेक वेळा तो दुसऱ्याच कोणाच्या गाडीसाठी लागतो. फायर ब्रिगेड घाटात पोहोचायला वेळ लागतो, आसपासच्या चार ट्रक-कारवाल्यांकडे एकेक असेल तर बराच फरक पडतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. जळका वास किंवा बॉनेटच्या फटीतून धूर दिसला की इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, पेट्रोल पंप, झाड, दुसरी गाडी यांच्यापासून लांब. चावी बंद, म्हणजे पेट्रोलचा पंप बंद होतो आणि सीएनजीचा सोलेनॉइडही (विजेवर चालणारा गॅसचा व्हॉल्व्ह) बंद होतो. उतरताना बॉनेटचा लिव्हर आतून एकदा ओढून ठेवा, कारण त्याची केबल इंजिनजवळून जाते, आग वाढली की ती वितळते आणि मग बॉनेट उघडतच नाही. सगळ्यांना उतरवून रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला, क्रॅश बॅरियरच्या पलीकडे, निदान ३० मीटर लांब पाठवा. एकाने ११२ किंवा १०१ लावायचा, नॅशनल हायवेवर १०३३ पण आहे. हे सगळं झाल्यावर, आणि आग अजून छोटी असेल तरच, एक्स्टिंग्विशर.

बॉनेट पूर्ण उघडू नका. हे सगळ्यात जास्त चुकतं. आत कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळते आणि ज्वाला तोंडावर येते. लिव्हर ओढल्याने जी बोटभर फट झालीय तिथूनच नोझल घालून मारा, किंवा समोरच्या जाळीतून, चाकाच्या कमानीतून. उभं राहायचं गाडीच्या कोपऱ्याला, वारा पाठीमागे ठेवून, दीड-दोन मीटरवरून. बरोबर समोर किंवा बरोबर मागे उभं राहू नका, बॉनेट-डिकीचे गॅस शॉकर तापून सुटतात, टायर फुटतात.

दरवर्षी प्लांटमध्ये ड्रिल घेतो, पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवून प्रत्येकाला विझवायला लावतो. एक गोष्ट हमखास दिसते. माणूस घाबरून हँडल घट्ट आवळतो आणि मग पिन ओढायला जातो. हँडल दाबलेलं असताना पिन अडकून बसते, कितीही ओढा येत नाही, आणि त्याला वाटतं सिलेंडरच खराब. हँडल सोडायचं, सिलेंडर खालून किंवा गळ्याशी धरायचा, पिनला थोडा पीळ देऊन प्लास्टिकचं सील तोडत ओढायची, मग हँडल दाबायचं. दुसरं म्हणजे सगळे ज्वाळेवर मारतात. ज्वाळेवर मारून पावडर वाया जाते, बुडाशी मारायचं, जिथे जळतंय तिथे, डावीकडून उजवीकडे झाडू फिरवतो तसं. संपला आणि आग विझली नाही तर तो टाकून मागे फिरा, तिथे थांबायचं नाही. विझली तरी लगेच बॉनेट उघडायचा नाही, परत पेटते.

सीएनजीचं वेगळं सांगतो. टाकी २०० बारला भरतात. टाकीच्या व्हॉल्व्हवर हाताने बंद करायची चावी असते, तुमच्या गाडीत ती कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरते ते आजच बघून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवा. गॅस फुसफुसत पेटलाय आणि व्हॉल्व्ह बंद करता येत नाहीये, तर तो विझवू नका. ज्वाला विझली पण गॅस चालूच राहिला तर तो बंद डिकीत साठतो आणि परत ठिणगी मिळाली की भडका मोठा होतो. अशा वेळी लांब जाणं हाच उपाय. टाकीवर सेफ्टी डिव्हाइस असतं, आगीत तापल्यावर ते उघडून गॅस बाहेर सोडतं, टाकी फुटू नये म्हणून, तेव्हा मोठा आवाज आणि लांब ज्वाला येते, त्या वेळी जवळपास कोणीच नको. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या प्रेशरने तपासणी) दर ३ वर्षांनी करावी लागते, प्लेटवर तारीख असते, ती टाळू नका. आणि पंपावर गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, आजी झोपल्या असतील तरी.

विजयनगरची_आई

खूप छान माहिती, सेव्ह करून ठेवली. मला मुलांच्या बाबतीत लिहायचंय. आमच्याकडे चाइल्ड सीट आहे आणि तिचं बक्कल खूप घट्ट आहे, मुलाला स्वतःला काढता येत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांना, सासूबाईंनासुद्धा, ते बक्कल डोळे मिटून काढायला शिकवलंय. सुरुवातीला सासूबाईंना जमत नव्हतं, लाल बटण अंगठ्याने जोरात दाबायचं आणि दुसऱ्या हाताने पट्टा खाली सोडायचा हे दाखवल्यावर लगेच जमलं. मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लावलेलं असतं हेही विसरू नका, आतून उघडत नाही, पुढच्याने बाहेरून उघडायचं. काच फोडायची छोटी हातोडी आणि बेल्ट कापायचं ब्लेड एकत्र असलेलं मिळतं, ते ड्रायव्हरच्या दाराच्या खिशात ठेवलंय. समोरची काच त्याने फुटत नाही, बाजूची फोडायची आणि तीही कोपऱ्यात मारून.

गाडीतून सॅनिटायझर, डिओ, लायटर, पॉवर बँक हे सगळं काढून टाकलं, मे महिन्यात तर काहीच ठेवत नाही.

पावडर गाडीच्या आत मारली तर मुलांना श्वासाचा त्रास होईल का? आणि आमची दुसरी गाडी इलेक्ट्रिक आहे, तिला हाच एबीसी चालतो का?

पिथमपूरकर

ताई, बक्कलचं फार महत्त्वाचं लिहिलंत. पावडर विषारी नसते पण बंद गाडीत मारली की पांढरा ढग होतो, काही दिसत नाही, खोकला येतो, दम्याच्या माणसाला जास्त त्रास. म्हणून आत बसून कधीच मारायचा नाही, सगळ्यांना बाहेर काढून उघड्या दारातून बाहेर उभं राहून मारायचा. माणूस आत अडकलाच असेल तर त्याच्या तोंडावर नाही, आगीच्या बुडाशी. नंतर ती पावडर ओलीचिंब करू नका, ओलावा लागला की ती धातूला आणि वायरिंगच्या कनेक्टरला खाते. आधी कोरडी, व्हॅक्यूमने आणि ब्रशने काढायची, नंतर ओल्या फडक्याने पुसायची, आणि हे जितक्या लवकर होईल तितकं बरं.

इलेक्ट्रिकबद्दल. मोठी बॅटरी पेटली तर एबीसीने थांबत नाही. तिथे आग सेलच्या आतून येते, एक सेल दुसऱ्याला तापवतो, पावडर वरून पडते आणि आत काही होत नाही. तिला भरपूर पाणी लागतं, फायर ब्रिगेडच देऊ शकते एवढं, आणि विझल्यावरही काही तासांनी परत पेटू शकते म्हणून अशी गाडी दुसऱ्या गाड्यांपासून आणि इमारतीपासून लांब ठेवतात. धुरात विषारी वायू असतात. खालून फुस्स आवाज, पांढरा दाट धूर, गोडसर रसायनासारखा वास आला की फक्त बाहेर पडा आणि फोन करताना गाडी इलेक्ट्रिक आहे हे आधी सांगा. डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या सुरक्षेचे कडक नियम टप्प्याटप्प्याने लागू झालेत, कारसाठी सुधारित एआयएस-०३८ हे मानक आहे. तरी बॅटरीची लाल वॉर्निंग आली तर घर जवळ आलंय म्हणून चालवत राहू नका, लगेच थांबा.

पण इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी, वायरिंग, सीट, कार्पेट हे सगळं असतं, तिथली छोटी आग एबीसीने विझते. म्हणून ठेवाच.

राजेंद्रनगरवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बायकोला १५ आणि ३५ चं लेबल दुकानात दाखवलं, तिला पटलं. १ किलोचा एबीसी घेतला, हजाराच्या आसपास पडला, लेबलवर ६० डिग्री आहे, प्रेशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे. सीटखाली बघितलं तर पिवळा कनेक्टर आहेच, पण तो मागच्या बाजूला आहे, पुढे जागा मोकळी आहे. बोल्टवर बसणारा ब्रॅकेट मागवलाय. सीएनजीची चावीही सापडली, ती टाकीच्या डाव्या टोकाला कार्पेटच्या फ्लॅपखाली होती, बाबांना फिरवून दाखवली.

दोन गोष्टी राहिल्या. रिफिल कधी करायचा, आणि दुकानदार म्हणाला आडवा ठेवला तर पावडर बसते, ते खरं आहे का? घाटात गाडी हलून हलून आत पावडर घट्ट होते म्हणे.

खंडवा_रोड

माझे दोन्ही काल डिकीतून पुढे आणले, सीटखाली. एकाचा काटा लालमध्ये निघाला, रिफिलला दिलाय.

पिथमपूरकर

पावडर घट्ट होते हे दुकानदार खरं बोलला, पण त्यासाठी जागा बदलायला नको. सततच्या व्हायब्रेशनने पावडर तळाशी चोपून बसते आणि मग हँडल दाबल्यावर नुसता नायट्रोजन सुटतो. महिन्यातून एकदा बाहेर काढा, उलटा करून तळावर हाताच्या तळव्याने किंवा रबरी हातोडीने हलके ठोका, कानाजवळ धरून हलवा, आत पावडर सरकल्याचा आवाज यायला पाहिजे. त्याच वेळी काटा हिरव्यात आहे ना, सील शाबूत आहे ना, नोझलमध्ये कोळ्याचं जाळं किंवा मातीचं घर नाही ना बघा. गांधीलमाशी नोझलमध्ये घर करते, प्लांटमध्ये बरेचदा सापडतं.

लेबलवर ड्यू डेट असते, तेव्हा काटा हिरव्यात असला तरी रिफिल करून घ्या. छोटे ५०० ग्रॅमवाले बरेचसे वापरून फेकायचे असतात, १ किलोचा भरून मिळतो. आणि चुकून एकदा जरी थोडासा दाबला गेला तरी तो वापरलेलाच समजा, व्हॉल्व्हच्या सीटमध्ये पावडरचा कण अडकतो आणि प्रेशर हळूहळू निघून जातं, आठवड्यात काटा लालवर. रिफिलला द्यायच्या आधी मात्र तो वाया घालवू नका, गाव सोडून मोकळ्या जागी घेऊन जा आणि वहिनींना, बाबांना मारायला द्या, कागदाचे पुठ्ठे ठेवून. पिनला किती जोर लागतो, दणका किती बसतो, दहा सेकंद किती पटकन संपतात हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

ब्रॅकेट बसला की सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून बघा, कुठे अडकत नाही ना, पिवळ्या कनेक्टरची वायर ताणत नाही ना. पुढे आई बसत असतील तर त्यांना बसवून बघा, टाच त्या क्लिपला लागून पट्टा सुटत नाही ना. लागत असेल तर क्लिपचं तोंड गिअरच्या बाजूला फिरवून घ्या.